माघारीण नावाचं गवत

माघारीण नावाचं गवत मराठवाड्यात कुठंही नाही. गवत आहे, नाव खोटं आहे. ते नाव मी केलं, शेंद्र्याच्या माळावर उभ्या उभ्या, आणि पुढं चौदा वर्षं कुणापाशी बोललो नाही.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या विभागात होतो. माझ्या ऑर्डरीवर 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं आहे, ती ऑर्डर अजून ट्रंकेत आहे. काही लोक शिपाई म्हणायचे. त्यांना मी पाणी द्यायचो नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीत दोन महिने गेलो ते धरत नाही. वाचायला मी खरा शिकलो तो कॉलेजात. रानातून गवत आणलं की ते रद्दीच्या पेपरात घालून, दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्यानं आवळून वाळवायचं असतं, आणि पेपर रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. ओला काढून कोरडा घालताना मी दोन्ही वाचायचो. माझ्याकडच्या बातम्या नेहमी शिळ्या असायच्या, पण असायच्या.

ते काम सरांचं. सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांच्या घरात आधी भिक्षुकी होती, वडील कचेरीत कारकून, आणि सरांनी डॉक्टरेट केली ती गवतावर. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक गवताला दोन नावं असतात. एक लॅटिन, ते जगभर चालतं. दुसरं इथल्या माणसांनी दिलेलं. हे दुसरं देताना माणसानं काहीतरी नीट पाहिलेलं असतं, आणि ते काय पाहिलं हे शोधलं नाही तर गवत अर्धंच कळतं. म्हणून संग्रहातल्या प्रत्येक कागदावर लॅटिन नावाखाली ते लोकांचं नाव लिहायचे, गाव लिहायचे, सांगणाऱ्याचं वय लिहायचे, आणि जात्यावरच्या ओवीत ते गवत कुठं आलं असेल तर ती ओळही लिहायचे.

विभागातले बाकीचे हसायचे. "सरांचं कीर्तन कधी आहे?" असं मला विचारायचे. सर जिना उतरून पलीकडच्या इमारतीत मराठी विभागात जायचे. दोन्ही विभागांनी मिळून एक वर्ग चालवावा, गवत इकडून आणि शब्द तिकडून, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिथल्या विभागप्रमुख बाई चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "सर, गवत तुमचं, शब्द आमचे. आम्ही कधी तुमच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला येतो का?"

"या की. मी तेच म्हणतोय," सर म्हणायचे.

बाई आल्या नाहीत. त्या वर्गाचे अर्ज वर गेले आणि खाली आले. मीच ते नेऊन द्यायचो आणि मीच परत आणायचो.

लोकांची नावं बहुतेक मी पुरवायचो. माझं गाव खुलताबादच्या पलीकडं, लहानपण गुरांमागं गेलेलं. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा, कुंदा, तिखाडी. सर गवत समोर धरायचे आणि मी सांगायचो. एवढा शिकलेला माणूस वही उघडून आपल्या तोंडाकडं पाहत थांबतो, ही सवय लागली की वाईट.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिकलं होतं. शेंद्र्याला तेव्हा त्या बाजूला कारखाने आले नव्हते, नुसता माळ होता. सकाळी निघताना घरी भांडण झालं होतं. आमची मुलगी सासरहून निघून आली होती, त्याला आठ दिवस झाले होते. मी म्हणत होतो, नेऊन सोडतो. बायको म्हणत होती, "माघारीण हाय ती. माघारणीला कुणी आठ दिसात हाकलतं का?" आमच्याकडं माहेरी आलेल्या लेकीला माघारीण म्हणतात. तो शब्द कानात घेऊनच मी बसमध्ये बसलो.

माळावर सरांनी एक गवत उपटलं. त्याची कुसळं वाळून पीळ खाल्लेली आणि मागं दांड्याकडं वळलेली होती. ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून त्याला कुणी काही म्हणतच नव्हतं.

"याला काय म्हणतात, मामा?" सरांनी विचारलं. कॉलेजात मला सगळे मामाच म्हणायचे.

"माघारीण," मी म्हणालो.

सर माझ्याकडं पाहत राहिले. "पुन्हा म्हणा."

"माघारीण."

"सगळे म्हणतात?"

"आमच्याकडं सगळे."

पहिल्यांदा तो शब्द तोंडातून सुटला असं म्हणता येईल. 'सगळे' मात्र मी शुद्धीवर राहून म्हणालो.

सर तिथंच दगडावर बसून लिहायला लागले. कुसळं आधी पुढं जातात, मग मागं फिरतात, गेलेली लेक परत येते, असं काय काय. मला म्हणाले, "मामा, हे ज्या बाईनं पहिल्यांदा म्हटलं असेल तिचे डोळे माझ्यापेक्षा तयार होते."

"असतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हे त्यांनी मराठीच्या बाईंना सांगितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बाई जिना चढून आमच्या विभागात आल्या. सरांनी त्या गवताचं एक कुसळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि वर पाण्याचा थेंब सोडला. पाणी लागलं की त्याचा पीळ उलगडतो आणि ते गरगर फिरतं. बाईंनी चष्मा काढून डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. "सर," त्या म्हणाल्या, "ही तर खरंच माघारी फिरतेय हो."

तिथून बाई आमच्यात आल्या. वर्गाला मंजुरी कधीच मिळाली नाही, पण शनिवारी दुपारी दोन्हीकडची पोरंपोरी प्रयोगशाळेत बसायची. शास्त्राची पोरं घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द आणायची, मराठीची पोरं कुसळं मोजायची. नोकरी संपल्यावरही मी जात होतो. सर आणि बाई निवृत्त झाले तेव्हा दोघांनी पुस्तक करायला घेतलं. गवताचं पुस्तक, आणि शब्दांचंही. सरांनी आयुष्यात जे मागितलं आणि मिळालं नाही, ते त्या पुस्तकात व्हायचं होतं.

यंदा ते छापायला निघालं. सर स्वतः जिना चढून माझ्या घरी आले आणि कच्ची छापलेली पानं हातात दिली. "नावं तेवढी तपासा, मामा. शेवटची नजर तुमची."

पहिलं पान बाईंच्या प्रस्तावनेचं. ती माघारणीपासूनच सुरू होत होती. शेंद्र्याचा माळ, तिथल्या बायका, त्यांनी आपल्या जिवाचं काय काय गवतावर ठेवलं ते. मी चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, बायकोला वाचून दाखवलं.

"माघारीण गवत? कुठं असतं?" ती म्हणाली.

"असतं."

"माझ्या जन्मात नाय ऐकलं. मी पण गवतच कापलंय की."

"तुला सगळंच माहीत असतं का?"

"मला नाय. तुम्हाला असतं," असं म्हणून ती भाकरी थापायला लागली.

जिला लिहिता येत नाही तिनं तव्यावरची भाकरी उलटायच्या आत खोटं धरलं. मग पुस्तक छापून कन्नडला, वैजापूरला गेल्यावर काय? कीर्तन म्हणून हसणारे अजून धडधाकट आहेत, सकाळी फिरायला जातात. एक शब्द खोटा निघाला की ते म्हणणार, सगळंच असलं आहे. सरांचं आयुष्य माझ्या एका शब्दाखाली दबून जाणार.

जेवण जाईना. चहा पुढ्यात थंड व्हायचा. गच्चीवर जायचो, कशाला आलो ते विसरायचो. चार दिवसांनी एक हिकमत सुचली. गावी जाऊन तो शब्द लोकांच्या तोंडी घालायचा. वीस जण म्हणायला लागले की झालं, मग तो खोटा कसा? मी खरंच गेलो. बांधावर चुलतभाऊ भेटला. मी ते गवत उपटलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "माघारीण लई माजलीय यंदा."

"कोण माघारीण?"

"हे गवत. याला माघारीण म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"मग मी सगळ्यांत नाय व्हय?" तो म्हणाला. "दादा, शहरात राहून तुमचं डोकं फिरलं."

मी दुपारच्या बसनं परत आलो.

मग औरंगपुऱ्यात, जिथं पुस्तकाची पानं लावली जात होती तिथं गेलो. रिक्षातून उतरून दोन गल्ल्या आत, जिन्याखालची खोली. कॉम्प्युटरपुढं एक बाई बसलेल्या. मी म्हणालो, "सरांनी पाठवलंय. एक शब्द काढायचाय."

"कोणता, काका?"

मी सांगितला. त्यांनी बोटं चालवली. "बावीस ठिकाणी आहे."

"बावीस?"

"शिवाय एका प्रकरणाचं नावच ते आहे. नुसता शब्द काढला तर वाक्यं लंगडी होतील. त्या जागी काय टाकू?"

"नुसतं गवत टाका," मी म्हणालो.

त्या बाईंनी पडद्यावरचं एक वाक्य तसं करून मोठ्यानं वाचलं. वाचून त्यांनाच हसू आलं. मग माझ्या तोंडाकडं पाहून हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सरांना फोन लावू का?"

"नको. मीच जातो."

सरांच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. ते भिंग घेऊन पानं पाहत होते. मी बसलो नाही.

"सर, माघारीण खोटं आहे. ते नाव मी केलं. शेंद्र्याला. कुणी म्हणत नाही."

सरांनी भिंग पानावर ठेवलं. ते ओरडतील याची मी तयारी करून गेलो होतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणखी किती?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. "एकच," मी म्हणालो.

"हे मी कशावरून मानू?"

"मी सांगतोय म्हणून."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं, मामा."

मी दाराशी जाऊन चपला घालायला लागलो. "एकोणतीस वर्षं तुमचे पेपर बदललेत. एका शब्दापायी मला चोर ठरवता?"

"चोर म्हटलं नाही. पुस्तकातली किती नावं तुमच्या तोंडची आहेत?"

"शंभराच्या वर असतील."

"मग पुस्तक तुमचंही आहे. पळून कुठं जाता? बसा."

मी एक चप्पल घालून तसाच बसलो. सरांनी बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "मामा आहेत का तिथं?"

"आहे, बाई."

"हाच शब्द का आला तोंडात?"

मी मुलीचं सांगितलं. सरांना हे आजवर माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

"मुलगी आता कुठं असते?" बाईंनी विचारलं.

"इथंच. नेऊन सोडली नाही. दवाखान्यात कामाला जाते."

"सर," बाई म्हणाल्या, "मग शब्द खरा आहे. प्रत्येक शब्द कुणीतरी एकच माणूस पहिल्यांदा बोलतं. राहू द्या तो."

"बाई, मी 'लोक म्हणतात' असं लिहिलंय. लोक म्हणत नाहीत."

"झालं. पुन्हा तुमच्या शास्त्रात शिरलात."

"आणि तुम्ही तुमच्या साहित्यात. एक माणूस म्हणतो आणि लोक म्हणतात, यात तुम्हाला फरक वाटत नाही?"

"वाटतो. म्हणून तर विचारतेय, तो एक माणूस पुस्तकातून का हाकलता?"

असं बराच वेळ चाललं. फोन कुणी ठेवला नाही. शेवटी बाईंचा आवाज पडला. "पण मामा, मी हे व्याख्यानात सांगून बसलेय. बायकांची कल्पना म्हणून सांगितलं. तुम्ही मला तोंडघशी पाडलंत." सरांचं बोलणं मी सहन केलं होतं. हे ऐकून मान वर होईना.

ठरलं ते असं. छपाई थांबवायची. माझ्या तोंडची सगळी नावं गावोगाव जाऊन पुन्हा विचारायची, प्रत्येक नाव तीन वेगवेगळ्या माणसांना, माझ्या पाठीमागं. माघारणीबद्दल सरांनी एक ओळ लिहून दाखवली, आमच्याकडून नोंदीत चूक झाली अशी. मी ती मान्य केली नाही. चूक मी केली, ती 'आमच्याकडून' कशी? माझी चूक माझ्या नावावर लिहा, असं मी म्हणतो. सर म्हणतात पाहू. ते अजून भांडणात आहे.

आता दर रविवारी भाड्याची गाडी करून आम्ही तिघं जातो, मी वाट दाखवण्यापुरता. सरांना वाटतं, सगळ्यांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारावा. बाई म्हणतात, असा तलाठ्यासारखा प्रश्न विचारल्यावर कोण खरं बोलतं? आधी बाईमाणसाच्या शेजारी बसावं, तिच्या कामात हात घालावा, मग शब्द आपोआप येतो. सर म्हणतात, मग तुमचा हात कामात आणि तिचं उत्तर तुमच्या मनासारखं. गाडीत हेच चालतं, जाताना आणि येताना. ड्रायव्हरला आता गवतं पाठ झाली आहेत.

मी गाडीतून उतरायचं नाही. पहिल्या गावात एका माणसानं शेडा गवताचं भलतंच नाव सांगितलं, तेव्हा मी खिडकीतून खाकरलो. त्या दिवसापासून काचा वर. कोणी काय सांगितलं ते संध्याकाळी परत आल्यावरच मला कळतं. आजवर बहुतेक नावं जमली. पाच ठिकाणी माझं वेगळं आणि त्यांचं वेगळं निघालं. दोन गवतं कुणाला माहीतच नव्हती. ती माणसं मूळची तिथली नसणार, असं मी सरांना सांगितलं. सरांनी तेही वहीत लिहिलं, आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. मला ते प्रश्नचिन्ह दिसलं.

शेंद्र्याला जाऊन उपयोग नाही. तो माळ आता तारेच्या कुंपणात आहे, आत पत्र्याचे शेड आहेत. अजून अकरा गावं राहिली आहेत. सरांच्या उजव्या हाताला आता कंप असतो, बांध चढताना बाई त्यांची पिशवी घेतात. अकरा गावं होतील की नाही हे कुणी बोलत नाही. घरी बायको विचारते, "आज किती पास झाले?" मी गच्चीवर जातो.

परवाच्या रविवारी वेरूळच्या अलीकडं एका वस्तीवर थांबलो. उन्हात गाडी, काचा वर, ड्रायव्हर झाडाखाली. गोठ्यापुढं एक म्हातारी शेण सावरत होती. बाई तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. सर उभे राहिले आणि त्यांनी पिशवीतून गवताची काडी काढली. लांबूनही मी ती ओळखली. पवन्या. पवन्या मी सहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. त्यात चुकायला जागाच नाही.

तरी मी काचेला नाक लावलं. 'प' म्हणताना ओठ मिटतात, एवढं तरी दिसेल असं मला वाटलं. म्हातारीनं काडी हातात घेतली, फिरवून पाहिली. मग सरांपुढं बोलायला लाजली असावी, तिनं पदर तोंडाला लावला आणि पदराआडून काहीतरी म्हणाली. बाई हसल्या. हसण्यासारखं पवन्यात काय आहे?

सरांनी वही गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि लिहायला लागले. लिहीतच राहिले. पवन्या लिहायला एवढा वेळ लागत नाही. पण हात थरथरतो त्यांचा, म्हणून सांगता येत नव्हतं.